फोटोतला नववा चेहरा

१

एकतीस नंबरच्या फोटोत एक माणूस कमी होता.

हे सगळ्यांत आधी भीमाबाईंना कळलं, कारण कमी असलेला माणूस त्याच होत्या.

दसऱ्याला आठवडा राहिला होता. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात बेचाळीस मोठे फोटो भिंतीला टेकवून ठेवले होते. छप्पन साली आपापल्या घरातून दीक्षेला कोण गेलं होतं, त्यांचं प्रदर्शन होतं ते. लोकांनी ट्रंकांमधून, देव्हाऱ्याच्या जुन्या फळ्यांमागून, लग्नाच्या अल्बममधून फोटो काढून दिले होते. सीताबर्डीच्या एका स्टुडिओत ते साफ करून मोठे केले होते. प्रत्येक फोटोखाली नावांची पट्टी लावायची होती आणि माझं अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे होतं.

भीमाबाई काठी टेकत आल्या. वय एक्क्याऐंशी. एकतीस नंबरपुढे थांबल्या आणि फोटोतल्या चेहऱ्यांवरून एकेक करत बोट फिरवलं.

मग म्हणाल्या, "मी कुठं हाये वं, माया?"

फोटोत कडुनिंबाखाली आठ जण उभे होते. आठही पांढऱ्या कपड्यांत. उजवीकडे झाडाच्या बुंध्याची सावली होती. त्या सावलीत एक बारा वर्षांची मुलगी असायला हवी होती. तिथे नुसतं काळं होतं, पाटीवर डांबर फासावं तसं.

माझ्या हातातल्या पट्टीवर मात्र नऊ नावं होती. शेवटचं भीमाबाईंचं.

"मी आधीच सांगतलं होतं," मागून अंकुश म्हणाला. अंकुश गजभिये हा प्रदर्शनाचा सचिव, हिंगण्याच्या कारखान्यात सुपरवायझर. फोटोत मधोमध उभे असलेले देवाजी त्याचे आजोबा, आणि भीमाबाई देवाजींची चुलतबहीण. "फोटोच्या मागं आजोबांच्या हातची आठच नावं हायेत. नववं नाव त्या स्टुडिओतल्या सरितानं वाढवलं. आजीचं मन राखाले तिनं कॉम्प्युटरवर पोरगी उभी केली असंन. छापताना अंगाशी येईल म्हणून काढून टाकली."

"अंकुश, असं नको बोलू," मी म्हणाले.

"वहिनी, हे लोकांच्या घरचे पुरावे हायेत. एक खोटा निघाला तर बाकीच्या एक्केचाळीसांवर कोण विश्वास ठेवंन?" त्याचा आवाज चढला नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं. "ते नाव खोडा."

भीमाबाई रडल्या नाहीत. काठी दुसऱ्या हातात घेतली आणि अंकुशकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मी कुहीवरून चालत आली होती."

मी पेनाचं टोपण लावलं आणि घरी निघाले. या प्रश्नाचं उत्तर कोण काढू शकेल हे मला ठाऊक होतं. ती व्यक्ती त्या वेळी घरी तांदूळ निवडत बसली होती.

२

प्रेमिला मेश्राम माझ्या सासूबाई. सव्वीस वर्षं त्यांनी हिंगण्याच्या एमआयडीसीत टीव्हीच्या कारखान्यात काम केलं. पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या प्रत्येक टीव्हीचं चित्र शेवटचं तपासायचं आणि ठीक असेल तर मागे आपला शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. त्यांचा शिक्का असलेला टीव्ही चित्राच्या दोषासाठी परत आला नाही, असं त्यांचे जुने साहेब अजून सांगतात. कारखाना बंद झाल्यावर त्यांनी सीताबर्डीत दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. आता मी त्यांच्यासोबत बसते. टीव्ही कमी, कॉम्प्युटरचे मॉनिटर जास्त येतात.

मी सगळं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं नाही.

"सरिता काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

सरिता रामटेके आमच्याच वस्तीतली, एकोणतीस वर्षांची. जुने फोटो दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं नागपुरात कोणी नाही असं मला वाटतं, आणि ती माझी मैत्रीण आहे म्हणून म्हणत नाही. तिला फोन करायची गरजच पडली नाही. अर्ध्या तासात ती आमच्या दारात होती. डोळे सुजलेले, पण बोलणं सरळ.

"मावशी, सरांनी मले उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतलं. प्रदर्शन होऊन जाऊ दे म्हणतात. मी कोणाले उभं केलं नाई आणि कोणाले काढलंही नाई."

"पोरगी होती फोटोत?"

"होती नाही, हाये. त्याच फाईलमध्ये हाये. आज दुपारी मी पाह्यलं. माझ्या स्क्रीनवर ती दिसते. पेन ड्राइव्हवर टाकून छापायला तीच फाईल दिली. कागदावर ती नाही."

सासूबाईंचे हात सुपात थांबले.

"तीच फाईल?"

"तीच."

"म्हणजे तुझ्या स्क्रीनवर पोरगी हाये आणि कागदावर नाही." त्या उठल्या, पदर झटकला. "दोघांपैकी एक खोटं बोलून राहिलं. माया, उद्या दुकान उशिरा उघडू."

३

स्टुडिओ व्हरायटी चौकाच्या जवळ, पहिल्या मजल्यावर. मालक स्वानंद देशकर, पंचेचाळीसचे, बोलायला गोड. त्यांनी आम्हाला चहा मागवला.

"प्रेमिलाताई, मला त्या मुलीबद्दल वाईट वाटतं. पण समितीचा फोन आला. माझ्या स्टुडिओच्या नावाचा प्रश्न आहे."

"तिचं काम कसं होतं?"

"उत्तम होतं. इतक्यात मात्र तिचं लक्ष नसायचं. मध्ये एकदा म्हणाली, स्क्रीन वेगळी दिसते. मी म्हटलं, डोळे तपासून घे. तासन् तास बघत बसते, नंबर आला असेल."

"कधी म्हणाली?"

"मागच्या आठवड्यात, मंगळवारी असेल."

"तिच्या टेबलाला आणखी कोण हात लावतं?"

"कोणीच नाही. मी तर मुळीच नाही. ती तिची जागा आहे."

समोरच्या काउंटरवर लग्नाचे अल्बम दाखवायचा त्यांचा लॅपटॉप आणि मोठा मॉनिटर होता. शुक्रवार होता. मॉनिटरच्या कडेला, लॅपटॉपला आणि मागच्या वायरींनाही हळदकुंकवाची ताजी बोटं ओढलेली होती. उदबत्ती जळत होती.

आतल्या खोलीत रोशन भेटला. छपाईचं मशीन तो चालवतो. पस्तिशीचा, कमी बोलणारा. अंकुशने सरितावर आळ घेतला तसा सरिताच्या भावाने रोशनवर घेतला होता, म्हणून तो तडकलेलाच होता.

"काकू, माझ्याकडे जसं येते तसं मी छापतो. मी चेहरे काढत नाही आणि टाकत नाही."

"मशीन बिघडलं होतं का?"

"पाहा नं तुम्हीच." त्याने सरिताची महिन्यापूर्वीची एक फाईल काढली आणि आमच्यासमोर छापली. म्हातारीच्या काळ्या घोंगडीची वीणसुद्धा कागदावर मोजता येत होती. मशीन ठीक होतं.

"एक विचारते तुले," सासूबाई म्हणाल्या. "या आठवड्यात कामात काही वेगळं वाटलं?"

रोशनने मान हलवली. मग थांबला. "काळी शाई. दोनदा बदलली. एरवी एक महिनाभर पुरते. मी म्हटलं, जुने फोटो हायेत, लागत असंन."

सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने हातात खजिना ठेवला.

"माया," जिना उतरताना त्या म्हणाल्या, "आपल्याले आता विहारात जायचं हाये. एकतीस नंबर नाही पाहायचा. बाकीचे एक्केचाळीस पाहायचे."

४

त्या एकेक फोटोपुढे उभ्या राहायच्या, चष्मा कपाळावर ढकलायच्या, आणि फक्त काळ्या जागा बघायच्या. माणसांचे चेहरे बघतच नव्हत्या. केस. कोट. छत्री. दाराच्या आतला अंधार.

"पांढरं कोणालेही ओळखता येते," मला म्हणाल्या. "काळं ओळखाले नजर लागते. कारखान्यात नव्या पोरींले मी पहिला आठवडा फक्त काळं पाहाले लावत होती."

सव्वीस नंबरच्या फोटोत एका माणसाच्या काळ्या कोटाला पाच बटणं होती. ती काळीच होती, तरी दिसत होती. सत्तावीस नंबरच्या बाईच्या डोक्यावर केसांऐवजी काळी टोपी घातल्यासारखं वाटत होतं. अठ्ठावीसमध्ये छत्रीच्या घड्या गेल्या होत्या. तेहतीसमध्ये दारातली चौकट अंधारात बुडाली होती. शेवटपर्यंत तसंच.

"कोणी एका पोरीले काढलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "सोळा फोटोंतलं काळं गिळल्या गेलं. पंधरांत कोणाचं काही गेलं नाही म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. एकात माणूस गेला."

आम्ही सरिताच्या घरी गेलो. सव्वीस आणि सत्तावीसच्या मध्ये काय झालं, हा एकच प्रश्न होता.

तिने वही काढली. "सव्वीस शनिवारी संपवला. सत्तावीस सोमवारी सुरू केला."

"सोमवारी सकाळी स्क्रीन लावल्यावर तुले काय वाटलं? खरं सांग."

सरिताने पर्स जवळ ओढली. तिच्यातून चष्म्याच्या दुकानाची एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

"मले वाटलं माझे डोळे गेले," ती हळू म्हणाली. "सोमवारी सगळं राखेनं धुतल्यासारखं दिसाले लागलं. काळं कुठंच नाही, सगळं भुरकट. मंगळवारी सरांना विचारलं, ते म्हणाले डोळे तपास. मी तपासले. डॉक्टर म्हणे नंबर नाही, डोळे चांगले हायेत. मले खरं वाटलं नाही. मावशी, माझ्याजवळ दुसरं काय हाये डोळ्यांशिवाय? कोणाले कळलं असतं तर काम गेलं असतं. म्हणून मी कोणाले सांगतलं नाही. काळं येईपर्यंत फोटो गडद करत गेली."

"काहून घाबरली वं," सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझे डोळे बरोबर सांगून राहिले होते. तू त्यांचं ऐकलं नाही, एवढीच तुझी चूक."

५

शनिवारी सकाळी आम्ही पुन्हा स्टुडिओत गेलो. सासूबाईंच्या सांगण्यावरून सरिताही आली. स्वानंदराव बाहेर गिऱ्हाइकांत होते.

सरिताचं काम एका लॅपटॉपवर चालतं, पण त्याचं झाकण वर्षभर बंद. बिजागरी ढिली आहे म्हणून. ती बाहेरून जोडलेल्या मोठ्या मॉनिटरवरच बघते.

"एकतीस नंबर लाव," सासूबाई म्हणाल्या.

मॉनिटरवर फोटो आला. आणि बुंध्याच्या सावलीत, अंधुक पण स्पष्ट, एक मुलगी उभी होती. गडद लुगडं, डोक्यावर पदर, डोळे थेट आपल्याकडे.

"आता झाकण उघड. सांभाळून."

मी झाकण धरून ठेवलं. लॅपटॉपच्या स्क्रीनवरही तोच फोटो आला. एकच मशीन, एकच फाईल. डावीकडे मुलगी होती. उजवीकडे, लॅपटॉपवर, नुसतं काळं.

सरिताने तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे मॉनिटर बिघडला," मी म्हणाले.

"थांब. कोणावरही आळ घ्यायच्या आधी त्याले बोलू द्यावं." सासूबाईंनी खिडकीचा पडदा ओढला आणि सरिताला पूर्ण काळं चित्र लावायला सांगितलं. मॉनिटर काळा झाला, पण खरा काळा नाही. चुलीतल्या विझलेल्या कोळशावर राख चढते तसा. मॉनिटरची प्लास्टिकची चौकट त्याच्यापेक्षा जास्त काळी होती.

मग त्यांनी मॉनिटरच्या खालचं बटण दाबलं. त्याचा स्वतःचा मेनू उघडला, उजेड कमी-जास्त करायचा तो. छोटा काळा चौकोन. भुरकट पडद्याच्या मधोमध तो चौकोन विहिरीसारखा खोल काळा दिसत होता.

"पाह्यलं?" त्या म्हणाल्या. "हा चौकोन मॉनिटर स्वतः काढते, आणि तो काजळासारखा काळा हाये. म्हणजे त्याले काळं करता येते. बाकीचं चित्र त्याले बाहेरून येते. बाहेरून काळं येऊनच नाही राहिलं. दोष मॉनिटरचा नाही, त्याले निरोप पोचवणाऱ्याचा हाये."

त्यांनी मॉनिटर हलकेच फिरवला. मागे वर्षभराची धूळ होती. केबल लावायच्या दोन जागा. एकीत एचडीएमआयची केबल होती. दुसरी, डिस्प्लेपोर्टची, रिकामी. तिच्याभोवती धूळ होती, पण आतून ती स्वच्छ चमकत होती.

"आतापर्यंत इथं काही तरी लागलेलं होतं," मी म्हणाले.

"माझी केबल इथं होती," सरिता म्हणाली. "दोन वर्षांपासून. मी कधी मागं वाकून पाह्यलंच नाही."

सासूबाईंनी एचडीएमआयची केबल सोडवली आणि खिडकीशी नेली. तिच्या काळ्या टोकावर पुसट, वाळलेला एक लाल ठिपका होता. बाजूला पिवळा.

त्यांनी तो मला दाखवला. सरिताच्या टेबलावर हळदकुंकू कधीच लावलं जात नाही. या स्टुडिओत ते फक्त एका ठिकाणी लागतं.

"अंकुशले फोन कर," त्या म्हणाल्या. "उद्या रविवार, त्याले सुट्टी असंन. दुपारी इथं ये म्हण. आणि त्याने फोटो स्कॅन करून दिला तो त्याचा स्वतःचा पेन ड्राइव्ह घेऊन ये. सरिताच्या हाताला न लागलेला. भीमाआत्यांले मी आणते."

६

रविवारी दुपारी सासूबाईंच्या शब्दाखातर स्वानंदरावांनी सुट्टी असून स्टुडिओ उघडला. दोनला त्या छोट्या खोलीत सात माणसं होती. भीमाबाईंना सासूबाईंनी मुद्दाम खुर्चीवर मॉनिटरकडे पाठ करून बसवलं. अंकुश दाराशी हाताची घडी घालून. रोशन मशीनला टेकून. स्वानंदराव आत-बाहेर करत होते.

"बसा, स्वानंदराव," सासूबाई म्हणाल्या. "तुमचंच काम हाये."

ते बसले.

"रोशनचं मशीन ठीक हाये, हे त्यानं छापून दाखवलं. सरितानं पोरगी काढली नाही, कारण काढायचीच असती तर एकाच फोटोतून काढली असती. इथं सोळा फोटोंचं काळं गेलं. शनिवारपर्यंतचे फोटो चांगले, सोमवारपासूनचे खराब. मधी फक्त रविवार. रविवारी स्टुडिओ बंद असते. किल्ली रोशनजवळ नाही, सरिताजवळ नाही."

रोशनने स्वानंदरावांकडे पाहिलं.

"सरिताच्या मॉनिटरची केबल बदलली हाये. आता जी लावली तिच्यावर हळदकुंकू हाये. स्वानंदराव, तिची केबल तुमच्या काउंटरवर हाये. मी येताना पाहून आली. तिच्यावर परवाचं ताजं बोट हाये."

स्वानंदरावांनी चष्मा काढून पुसला. "माझा मॉनिटर मध्येच बंद व्हायचा. लग्नाचं गिऱ्हाईक समोर बसलेलं. तिची केबल चांगली होती, मी घेतली आणि माझी तिला लावली. चित्र तर येत होतं. केबल ती केबल, असं मला वाटलं."

"सगळ्यांलेच वाटते. त्याच्यात गुन्हा नाही." सासूबाईंनी खुर्ची सरकवली. "समजून घ्या. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या दोनशे छप्पन पायऱ्या असतात. कॉम्प्युटरचा मॉनिटर शून्यापासून मोजते. टीव्हीची जुनी रीत सोळापासून मोजायची. एचडीएमआय लावली की काही कॉम्प्युटरले वाटते समोर टीव्ही हाये, मग ते सोळाच्या खालचं पाठवतच नाहीत. मॉनिटर मात्र शून्याची वाट पाहून राहिला. शून्य कधी येतच नाही. मग काळ्याच्या जागी राख दिसते. त्या राखेले काळं कराले सरिता फोटो गडद करत गेली. तिच्या स्क्रीनवर तो बरोबर दिसला, कागदावर बुडाला."

त्यांनी लॅपटॉपवर ग्राफिक्सच्या सेटिंगचं पान उघडलं. रंगाच्या मर्यादेपुढे 'लिमिटेड' लिहिलेलं होतं. ते त्यांनी 'फुल' केलं. केबलही बदलली नाही, एवढंच केलं.

मॉनिटर क्षणभर विझला आणि परत आला. सरिता नकळत एक पाऊल पुढे सरकली. काळं काळं झालं होतं. आणि गडद केलेल्या फाईलमधली मुलगी, कागदावर गेली होती तशीच, इथेही दिसेनाशी झाली.

"आता स्क्रीन आणि कागद एकच बोलून राहिले," सासूबाई म्हणाल्या.

"हे पटलं," अंकुश दारातून म्हणाला. "पण काकू, याच्यानं एवढंच कळते की काळं झालं कसं. पोरगी तिथं होती हे कुठं कळते? सरितानं आधी तिले उभी केली असंन, मग ती बुडाली असंन."

"बरोबर बोलला. म्हणून तुझा पेन ड्राइव्ह मागवला."

अंकुशने तो स्वतःच्या हाताने लावला. ओळखीच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याने स्वतः करून घेतलेला स्कॅन, कडेच्या फाटक्या कोपऱ्यांसकट. प्रदर्शनासाठी सरिताने फोटो गुडघ्यांवर कापला होता. या स्कॅनमध्ये जमिनीपर्यंत सगळं होतं. सावलीत मात्र काही नीट कळत नव्हतं.

"उजळू नको अजून," सासूबाई सरिताला म्हणाल्या. मग भीमाबाईंच्या समोर खाली बसल्या. "आत्या, मागं पाहू नका. त्या दिवशी तुम्ही कशा उभ्या होत्या, सांगा. चेहरा नाही, खालचं सांगा."

भीमाबाईंनी डोळे मिटले.

"माह्याजवळ पांढरं नव्हतं. मी घरी न सांगता त्यांच्या मांगून निघाली होती. उमरेड रस्त्यावर देवाजीनं पाह्यलं, परत जाय म्हणे. मी नाही गेली. काळं लुगडं होतं, म्हणून फोटोवाल्यानं बाजूले उभं केलं, झाडाले टेकून." त्या थांबल्या. "उजवा पाय वर होता. झाडाले लावलेला. तळव्याले फोड फुटले होते, पाय टेकवत नव्हता. सोबतच्या एका बाईच्या पदराची चिंधी बांधली होती त्याले."

सासूबाई उठून मॉनिटरपाशी आल्या.

"सरिता," सासूबाई म्हणाल्या, "सावली उजळ. हळूहळू. अंकुश, तू तिच्या हाताकडे पाहत राह्य."

सरिताने सावली उजळायला सुरुवात केली. बुंध्याची साल दिसली. लुगड्याचा काठ दिसला. मग जमीन. आणि जमिनीवर एकच पाऊल. दुसरा पाय गुडघ्यात वाकवून झाडाला टेकवलेला, आणि त्याच्या तळव्याभोवती पांढरट चिंधीची गाठ.

अंकुश दारातून पुढे आला. मॉनिटरच्या इतका जवळ गेला की त्याचा श्वास काचेवर उमटला. मग वळला, भीमाबाईंच्या समोर गेला आणि त्यांच्या पायांशी बसला.

"आजी, दोन दिवस चालली तू?"

"दीड," भीमाबाई म्हणाल्या. "रात्री एका गावात झोपलो. दोन नाही सांगायचं. खोटं काहून सांगायचं?"

७

स्वानंदरावांचं एक बोलणं उरलं होतं, आणि ते सासूबाईंनी त्यांना सगळ्यांसमोरच बोलायला लावलं.

"केबल बदलली ते सोडा," त्या म्हणाल्या. "मंगळवारी पोरगी तुम्हाले विचारून राहिली होती, स्क्रीन वेगळी काहून दिसते. तुम्हाले माहीत होतं तुम्ही काय केलं. तरी तिले म्हणाले डोळे तपास. ती दहा दिवस स्वतःले आंधळी समजत राहिली. आणि परवा मले म्हणाले, तिच्या टेबलाले हात लावत नाही."

स्वानंदरावांचा चेहरा उतरला. "लग्नाचे दिवस येत आहेत, केबल परत द्यावी लागेल म्हणून बोललो नाही. नंतर एवढं वाढलं की बोलायची लाज वाटली." ते सरिताकडे वळले. "तुझे डोळे चांगले आहेत. माझ्या स्टुडिओत तेच सगळ्यात चांगले आहेत. उद्यापासून ये."

सरिता लगेच हो म्हणाली नाही. "येईन. पण सोळाही फोटो मी नव्यानं करीन, मूळ स्कॅनवरून. आणि प्रदर्शनात कोणी केले त्याची पाटी लागंन. स्टुडिओच्या नावाआधी माझं नाव."

"लागेल," स्वानंदराव म्हणाले.

रविवारची उरलेली दुपार, सोमवार आणि मंगळवार ती बसली. रोशन न बोलता छापत राहिला. सासूबाई दिवसातून एकदा येऊन काळं बघून जायच्या, कारखान्यात बघायच्या तसं, चष्मा कपाळावर ढकलून. सोळाव्या फोटोला त्यांनी मान डोलावली. त्यांची मान हलली की काय होतं हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं होतं, पहिल्यांदा माझ्या वरणाला हलली तेव्हा. सरिताला ते एका आठवड्यात मिळालं.

एकतीस नंबर तिने गुडघ्यांवर कापला नाही. जमिनीपर्यंत ठेवला.

दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीकडे जाणारी माणसं वाटेत विहारात थांबत होती. सकाळपासून रीघ. भीमाबाई पांढरी साडी नेसून एकतीस नंबरशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या आणि कोणालाही काही सांगत नव्हत्या. लोकच फोटोत बघायचे, मग त्यांच्याकडे बघायचे, आणि हात जोडायचे. नाशिककडून आलेल्या एका बाईने त्यांना विचारलं, "आजी, यातल्या तुम्ही कोण?" भीमाबाईंनी काठीने दाखवलं आणि ताठ बसल्या. इतक्या ताठ मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

सरिता दाराशी उभी होती. दुपारपर्यंत तिच्यापुढे एक वेगळी रांग लागली. हातात पिशव्या, कॅलेंडरात गुंडाळलेले कागद, बिस्किटांचे डबे. घरातल्या ज्या फोटोंना कोणी इतकी वर्षं हात लावला नव्हता, ते सगळे बाहेर पडले होते. ती एकेक घेत होती आणि वहीत नाव लिहीत होती.

रांगेत शेवटी अंकुश होता. त्याच्याजवळ हातभर रुंदीचा एक फोटो होता, वाळवीने एका बाजूने खाल्लेला. देवाजी तरुणपणी घरासमोर उभे होते. मागे दार, आणि दारात अंधार.

"आजोबानं सगळ्यांची नावं लिहून ठेवली," तो सरिताला म्हणाला. "त्याच्या मायचं नाव कुठंच नाही. तिचा फोटो आमच्याजवळ नाही. या दारात मागं कोणी उभं हाये का, पाहून सांगशील?"

सरिताने फोटो उजेडात धरला, तिरका केला. "कोणी तरी हाये," ती म्हणाली. "हात दिसते, चौकटीवर ठेवलेला. वेळ लागंन, पण काढीन. नाव काय लिहू?"

अंकुशला माहीत नव्हतं. त्याने सभागृहात मागे वळून पाहिलं.

खुर्चीवरून भीमाबाईंनी आवाज दिला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"तुळसाबाई. माही मोठी माय. तुळसाबाई कचरूजी गजभिये. पूर्ण लिही वं, सरिता."

सरिताने पूर्ण लिहिलं.